मुंबईतली जुनी गल्ली राखायची तर सुरुवात कुठून करायची?

जुन्या गल्लीसाठी काही करावं असं वाटणारी माणसं बहुधा पहिलं पत्र वारसा समितीला लिहितात. माझं सांगणं असं की पत्र नंतर लिहा, आधी इमारतीच्या मागच्या बाजूला जा आणि वरून खाली येणारा पावसाळी पाइप बघा. तो कुठे फुटलाय, सांध्यातून पिंपळाचं रोप कुठे डोकावतंय, भिंत कुठवर हिरवी झालीय, हे बघा. गिरगाव, काळबादेवी, फोर्ट, भायखळा, माझगाव या भागांतली घरं बुलडोझरच्या आधी पाण्यानं खचतात. रस्त्याचं रूप बदलतं तेही एखाद्या मोठ्या प्रकल्पानं कमी आणि दर दोन वर्षांनी होणाऱ्या किरकोळ कामांनी जास्त. किरकोळ कामांवर सामान्य रहिवाशाची पकड बसू शकते. म्हणून हा लेख तिथूनच सुरू होतो.

आधी कागद गोळा करा

तीन गोष्टी शोधायच्या आहेत. पहिली, तुमची इमारत किंवा गल्ली वारसा यादीत आहे का. मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली लागू झाली. देशातल्या कुठल्याही शहरासाठी केलेली अशी ती पहिलीच. आता तीच तरतूद २०३४ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५२ व्या नियमात आहे. यादीतल्या वास्तूंना ग्रेड १, २अ, २ब आणि ३ अशा श्रेणी दिलेल्या असतात, शिवाय काही संपूर्ण परिसरांचीही नोंद आहे. ग्रेड १ ला आयुष्य वाढवणाऱ्या दुरुस्तीपलीकडे हात लावता येत नाही. २अ आणि २ब मध्ये आतले बदल जपून करता येतात. ग्रेड ३ आणि परिसरातल्या इमारतींना पुनर्विकासाची वाट त्या मानानं मोकळी असते. म्हणजे 'आमची इमारत हेरिटेज आहे' एवढं कळून भागत नाही, श्रेणी कुठली हे माहीत हवं. कामांच्या परवानग्या आयुक्त देतात आणि त्यासाठी मुंबई वारसा जतन समितीचा सल्ला घेतात.

दुसरी गोष्ट, इमारत उपकरप्राप्त आहे का, म्हणजे तिच्यावर दुरुस्तीसाठीचा उपकर (सेस) लागतो का. १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या उपकरप्राप्त इमारती 'अ' वर्गात येतात, १९५० अखेरपर्यंतच्या 'ब' मध्ये आणि त्यानंतर १९६९ पर्यंतच्या 'क' मध्ये. अशा इमारतींच्या ढाच्याची दुरुस्ती म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे असते. नवखे लोक महिनोन्‌महिने महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात खेटे घालतात आणि मग कळतं की अर्ज म्हाडाकडे द्यायचा होता.

तिसरी, जमिनीचा सी.एस. क्रमांक, म्हणजे भूमापनाच्या नोंदीतला क्रमांक. बेट शहरात सी.एस. आणि उपनगरात सी.टी.एस., हा फरक लक्षात ठेवा. क्रमांक हाती आला की विकास आराखड्याचे शेरे मागवा. त्यात आरक्षण आणि रस्तारेषा, म्हणजे रस्त्याची आखून दिलेली कड, दोन्ही दिसतात. रस्तारेषा नीट बघा, कारण पुष्कळ जुन्या घरांचे ओटे आणि गॅलऱ्या तिच्या पुढे आलेल्या असतात. इमारत नव्यानं बांधायची वेळ आली की एवढा भाग मागे सरकतो आणि गल्लीची सलग ओळ तुटते. हे आधी माहीत असलं तर नकाशा मंजूर होण्यापूर्वी बोलता येतं.

मग नोंद करा, तीही मोजून

फोटो सगळेच काढतात. त्यातला कामाचा फोटो कुठला? ज्यात तारीख आहे, शेजारी मोजपट्टी दिसतेय आणि जो दर वर्षी त्याच जागेवरून काढलाय. गल्लीच्या दोन्ही टोकांकडून एकेक, मग प्रत्येक दर्शनी भागाचा समोरून एक आणि बारकाव्यांचे जवळून: कठड्याची बिडाची जाळी, लाकडी कंस, दारावरच्या रंगीत काचा, जिन्याचे कठडे, फरशी.

एक माप मात्र सगळ्यात आधी घ्या: रस्त्यापासून जोत्याची उंची. चाळीला रस्त्यावरून चढायला मुळात तीन-चार दगडी पायऱ्या असत. दर डांबरीकरणाच्या वेळी जुना थर न खरवडता वर नवा थर चढला, पदपथ उचलला, त्यावर पेव्हर ब्लॉक बसले. गिरगावातल्या कित्येक दारांशी आज एकच पायरी उरलीय आणि तीही अर्धी गाडलेली. खालच्या बिऱ्हाडात पाणी शिरतं, दगडी जोतं वर्षभर ओल धरून राहतं, दाराच्या चौकटीचा पाय कुजतो. पुढच्या काँक्रिटीकरणाच्या वेळी 'रस्त्याची पातळी जोत्याच्या खाली ठेवा' असं म्हणायचं असेल तर तुमच्याकडे हे माप तारखेसह हवं. नुसती तक्रार बाजूला पडते, आकड्याला उत्तर द्यावं लागतं.

माणसांशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका

इथे घाई करू नका. जुन्या मुंबईत 'हेरिटेज' म्हटलं की भाडेकरूच्या पोटात गोळा येतो. पागडीची खोली, सामाईक संडास, चार पिढ्यांची दाटी. पुनर्विकासात स्वतंत्र घर मिळेल ही त्याची एकमेव आशा असते. २०१२ साली नवी वारसा यादी प्रस्तावित झाली तेव्हा शिवाजी पार्क परिसरातल्या रहिवाशांनीच जोरात विरोध केला होता. त्यांची भीती खरी होती आणि तिला उत्तर द्यायला कुणी आधी त्यांच्याकडे गेलेलं नव्हतं.

मालकाचीही बाजू ऐका. गोठलेल्या भाड्यातून त्याला कौलं बदलणंही परवडत नाही. वारसा नियमांमुळे ज्याचा बांधकामाचा हक्क अडतो त्याला हस्तांतरणीय विकास हक्क म्हणजे टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळण्याची तरतूद आहे, हे बऱ्याच मालकांना ठाऊक नसतं. ते सांगणारे तुम्ही असाल तर बोलणं सोपं होतं.

पहिल्या बैठकीत 'वारसा' हा शब्द काढूच नका, असं मी नव्या लोकांना सांगतो. गळती, ड्रेनेज, अंधारा जिना, उंदीर, पार्किंग यांवर बोला. मंडळाच्या कार्यकर्त्यांना बोलवा, कारण गिरगावात गल्लीची खरी संघटना गणेशोत्सव मंडळच असते. १८९३ साली केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तेव्हापासून इथली माणसं एकत्र कशी आणायची हे मंडळांना पक्कं माहीत आहे. बैठकीला बायका आल्या नाहीत तर ती बैठक पुन्हा घ्या, कारण पाणी कुठून झिरपतं हे त्यांनाच नेमकं माहीत असतं. गट जमला की वॉर्ड ऑफिसात एएलएम (अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट, म्हणजे पालिकेकडे नोंदलेला रहिवाशांचा गट) म्हणून नोंद करता येते. ही पद्धत मुंबईत नव्वदीच्या दशकापासून आहे आणि नोंदलेल्या गटाच्या पत्राला वजन येतं.

पाणी, चुना आणि सिमेंट

या भागावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं आणि तेही चांगल्या हेतूनं.

शंभर वर्षांपूर्वीच्या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. चुन्याचा गिलावा ओल आत घेतो आणि ऊन पडलं की बाहेर सोडतो. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत, आणि वाऱ्यात समुद्राचं मीठ असतं. अशा हवेत भिंतीला श्वास घेता येणं हीच तिची तब्येत. त्यावर कुणी सिमेंटचा गिलावा चढवला, वरून प्लास्टिक पेंट मारला, की ओल आत कोंडते. दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात, मग त्यावर आणखी सिमेंट. आत मीठ साचून विटेचा भुगा होतो आणि पोरबंदर दगडासारख्या मऊ दगडाचे पापुद्रे निघतात. बाहेरून भिंत नवी दिसते, पण तुळईचं जे टोक भिंतीत घुसलेलं असतं ते ओल्या विटांत बसून कुजत राहतं.

म्हणून दुरुस्तीचा क्रम असा ठेवा. आधी छप्पर: फुटकी मंगलोरी कौलं, पन्हाळ, गच्चीचा उतार. मग पाइप: संडास-मोरीचे आणि पावसाचे. मग झाडं: पिंपळ-वड नुसता वरून छाटला तर मूळ आणखी जाड होतं, त्यामुळे सांधा उघडून मूळ काढावं लागतं आणि लगेच चुन्यानं सांधा भरावा लागतो. भिंतीचा गिलावा त्यानंतर. रंग सगळ्यात शेवटी. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी रंगच आधी लागतो, कारण तो दिसतो.

चुन्याचं काम करणारे गवंडी आजही मिळतात. ठेकेदाराला विचारा की चुना किती दिवस भिजवणार, वाळूबरोबर विटेची सुरखी घालणार का, आणि गिलाव्यावर किती दिवस पाणी मारणार. तो गडबडला, किंवा 'थोडं सिमेंट टाकतो, पकड चांगली येते' म्हणाला, तर दुसरा शोधा. पावसाच्या तोंडावर चुन्याचं काम काढू नका, त्याला वाळायला सावकाश वेळ लागतो. दिवाळीनंतरचे महिने उत्तम.

लोखंडी गर्डर आणि आरसीसीच्या इमारतींची कथा वेगळी. खाऱ्या हवेत लोखंड गंजतं, गंजून फुगतं आणि भोवतालचं काँक्रीट फोडतं. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या काठच्या आर्ट डेको शैलीतल्या इमारतींचे वळणदार सज्जे बघा, भेगा बहुधा तिथेच पहिल्यांदा दिसतात. ओव्हलभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको अशा दोन्ही ओळी मिळून २०१८ साली जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यामागे तिथल्या रहिवासी संघटनांची वर्षानुवर्षांची चिकाटी होती.

ऑडिट आणि नोटीस आली तर

तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण (ऑडिट) करून घेणं महापालिका कायद्याच्या ३५३ब कलमाखाली बंधनकारक आहे. टाळू नका. फक्त ऑडिट कोण आणि कसं करतं यावर लक्ष ठेवा. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक या चाचण्या काँक्रीटसाठी असतात. लाकडी खांब-तुळयांच्या चाळीत त्यांचा उपयोग काय? तिथे प्रत्येक तुळईचं टोक, विशेषतः मोरी-संडासाच्या बाजूचं, ठोकून आणि टोचून बघावं लागतं. वाळवी शोधावी लागते. कुठलं लाकूड बदलायचं आणि कुठल्याला नुसता लोखंडी टेकू पुरेल हे एकेक करून लिहावं लागतं. बर्मा सागवानाची तुळई मधे ठणठणीत असते आणि फक्त टोकाला वीतभर कुजलेली असते, असं वारंवार दिसतं. तेवढं टोक कापून जोड देता येतो. जुन्या बांधकामाचा अनुभव असलेला अभियंता हे लिहील, नसलेला सरसकट 'धोकादायक' लिहून मोकळा होईल.

महापालिका धोकादायक इमारतींचे वर्ग करते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची. सी-२अ म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-२ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. तुमच्या ऑडिटमध्ये एक आणि मालकाच्या ऑडिटमध्ये दुसराच वर्ग आला, तर प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे पाठवण्याची मागणी लेखी करा. घर रिकामं करावंच लागलं, तर प्रत्येक खोलीचं मोजमाप करून भाडेकरूंची क्षेत्रफळासह यादी पालिकेकडून घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

आणि इमारत खरोखर धोक्यात असेल तर माणसं आधी बाहेर काढा. यावर माझ्या मते वाद नाही. जिना हलतोय, तुळई वाकलीय, अशा घरात वारशासाठी कुणी थांबावं असं म्हणणाऱ्याला गल्लीत स्थान नसावं.

यादीत नाव लागलं म्हणजे वास्तू वाचली असंही नाही. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल, बिडाच्या सांगाड्यावर उभं आहे; १८९६ साली ल्युमिएर बंधूंचे चलत्‌चित्रांचे खेळ भारतात पहिल्यांदा तिथे झाले. वारसा यादीत असूनही दुरुस्ती रखडत गेली आणि २०१९ मध्ये ती इमारत रिकामी करावी लागली.

पदपथ

पदपथाच्या मागणीत 'सुशोभीकरण' शब्द लिहू नका. लिहिलात तर रंगीत ब्लॉक, कुंड्या आणि झाडांना दिव्यांच्या माळा येतील. मागा ते असं: चालण्यासाठी अडथळ्याविना किमान १.८ मीटर रुंदी आणि डोक्यावर २.२ मीटर मोकळी उंची. बाजारपेठेत रुंदी २.५ मीटर, कर्बची, म्हणजे पदपथाच्या कडेच्या दगडाची, उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. हे आकडे इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक सूचनांमधले आहेत, त्यामुळे वॉर्डचा अभियंता ते सहज झटकू शकत नाही. गिरगावच्या आतल्या गल्ल्यांत १.८ मीटर पदपथ बसतच नाही. तिथे पदपथाचा हट्ट सोडा आणि संपूर्ण गल्ली एका पातळीवर, कमी वेगाची करून मागा. खोताच्या वाडीत फिरून या म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल: गल्ली अरुंद आहे, पण दारातला ओटा आणि चालणारा माणूस एकमेकांच्या आड येत नाहीत.

काम निघण्यापूर्वी जुने काळ्या दगडाचे कर्ब आणि फरशा कुठे आहेत ते नकाशावर दाखवा आणि 'काढलेला दगड मोजून, जपून ठेवून पुन्हा इथेच बसवावा' असं कामाच्या पत्रात लिहून घ्या. नाहीतर तो दगड डेब्रिजच्या गाडीतून जातो. झाडांच्या बुंध्याभोवती काँक्रीट ओतू देऊ नका. पन्नास वर्षांवरच्या झाडांना २०२१ च्या कायदादुरुस्तीनं वारसा वृक्षाचा दर्जा दिलाय, तोही पत्रात नमूद करा.

फेरीवाल्यांना हटवून गल्ली सुंदर करू पाहणाऱ्यांशी माझं पटत नाही. फणसवाडीच्या तोंडाशी फुलं विकणारी बाई ही त्या रस्त्याच्या इतिहासाचाच भाग आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार जागा ठरवण्यासाठी नगर पथविक्रेता समिती असते. चालायची पट्टी मोकळी ठेवून तिची जागा आराखड्यातच आखून द्या. मंडपाचंही तसंच आहे. मंडप दर वर्षी जिथे उभा राहतो तिथे खांबांसाठी कायमचे झाकणबंद खड्डे सुरुवातीलाच करून घेतले तर नवी फरशी दर भाद्रपदात फोडावी लागत नाही. आणि गल्लीच्या तोंडाशी बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवणारे बुटके खांब, मागितलेत तर ते काढता येणारे मागा. मूर्ती बाहेर पडली पाहिजे आणि अग्निशमन दलाचा बंब आत आला पाहिजे.

फलक, वायरी, एसी

दादाभाई नौरोजी रस्ता हा यातला धडा आहे. कमानींखालून सलग चालत जाता येणारी ती रांग फलकांनी इतकी झाकली गेली होती की कमानी दिसत नव्हत्या. नव्वदीच्या अखेरीस वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी तिथल्या फलकांसाठी नियम आखून दिले: फलक कमानीच्या आत बसवायचा, खांब आणि दगडी नक्षी मोकळी सोडायची. दुकानदारांना पटवून हे घडलं, आणि ती पद्धत कुठल्याही गल्लीत उचलता येते.

देवनागरी पाट्यांच्या नियमामुळे २०२२-२३ मध्ये हजारो दुकानांनी फलक बदलले. ठाकूरद्वारपासून फोर्टपर्यंत तेव्हा गल्लीगल्लीनं एकच मोजमाप ठरवता आलं असतं. पुढच्या वेळी ठरवा. दुकानदाराकडे जाताना त्याच्याच दुकानाचा जुना फोटो घेऊन जा. आजोबांच्या वेळची लाकडी पाटी दिसली की बोलणं आपोआप पुढे सरकतं.

एसीचे बाहेरचे डबे मागच्या भिंतीला किंवा गॅलरीच्या आत. त्यांचं पाणी नळीनं पाइपात सोडा, भिंतीवर नको.

छोट्या वस्तू

रस्त्याच्या कडेचे मैलाचे दगड, प्याऊ, बिडाचे दिव्याचे खांब, पाणपोईची देणगीची पाटी. ब्रिटिश काळातले मैल सेंट थॉमस कॅथेड्रलपासून मोजत आणि त्यांतले काही दगड वर्षानुवर्षं पदपथात गळ्यापर्यंत पुरलेले होते. आता ते उकरून उभे केले गेलेत. मशीद बंदरजवळच्या भात बाजारातली शेठ केशवजी नाईक यांची १८७६ ची प्याऊ आणि घड्याळाचा मनोरा दुरुस्त होऊन उभा आहे, तो बघून या. तुमच्या गल्लीतही असं काही कचऱ्याच्या पेटीमागे असू शकतं.

काम चालू असताना हजर राहा

मंजुरी मिळाली की माणसं सुस्तावतात, आणि नासाडी नेमकी इथेच होते. जून २०२४ मध्ये वाळकेश्वरच्या बाणगंगेत गाळ काढायला अवजड यंत्र उतरवलं गेलं आणि तलावाच्या दगडी पायऱ्यांची मोडतोड झाली. काम जतनाचंच होतं. म्हणून कार्यादेशाची प्रत मिळवा. सहज मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यात कुठलं यंत्र चालेल, कुठलं साहित्य वापरायचं आणि दुरुस्तीची जबाबदारी किती वर्षं ठेकेदाराची, हे वाचा. गल्लीतल्या दोघांनी आळीपाळीनं रोज सकाळी चक्कर मारायची, फोटो काढायचे. चुकीचं दिसलं तर त्याच दिवशी १९१६ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्यायचा आणि तो क्रमांक घालून सहायक आयुक्तांना पत्र द्यायचं. मुकादमाशी भांडू नका. त्याला चहा द्या आणि नकाशा दाखवा. पुष्कळदा त्याला तो कुणी दाखवलेलाच नसतो.

वर्षाचं वेळापत्रक असं धरा. रस्तेखोदाईच्या परवानग्या साधारण ऑक्टोबरपासून सुटतात, तेव्हा त्याआधी, गणपती उठल्या उठल्या, आपली मागणी वॉर्डात पोचलेली हवी. पालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीत मांडला जातो, त्यासाठीचं पत्र नोव्हेंबरात द्या. चुन्याचं आणि लाकडाचं काम डिसेंबर ते मार्च. एप्रिलमध्ये म्हाडाच्या पावसाळापूर्व पाहणीची चौकशी करा आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत कौलं, पन्हाळ आणि गच्चीचे पाइप मोकळे करून ठेवा.